जर्मन शिपायाची राहुटी

श्रावणांत पारनेरच्या माळरानावर पावसाची सर आली कीं, मेंढरांमागें चालणारा धनगर खांद्यावरची घोंगडी झटकतो, तिची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि सर ओसरेपर्यंत त्या खोळींत निवांत उभा राहतो. रात्रीं तीच घोंगडी अंथरण्याच्या उपयोगीं पडते, थंडींत पांघरण्याच्या. आणि वाटेंत एखादें कोकरूं जन्मलें तर त्याला गुंडाळून आणण्यासाठींहि तीच पुढें येते. एका वस्तूकडून चार कामें करून घेण्याची ही विद्या ज्याला आपलें सारें बिऱ्हाड पाठीवर वाहावें लागतें त्यालाच चांगली साधते. मेंढपाळ हा असा एक मनुष्य, आणि रणांगणावरचा शिपाई हा दुसरा.

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन शिपायाजवळ असेंच एक बहुगुणी कापड असे. तें तीन कोनांचें होतें, आणि त्याच्या दोन्ही अंगांवर हिरव्या व तपकिरी रंगांच्या टोकदार आकृत्या छापलेल्या होत्या. जर्मन भाषेंत त्याला 'त्सेल्टबान' म्हणत. मराठींत त्याला राहुटीचें कापड म्हणणें बरें. कारण एका कापडाची पुरती राहुटी होत नसे. चौघां शिपायांनीं आपापलीं चार कापडें बटणांनीं एकमेकांना जोडलीं म्हणजे चौघांपुरती, वर निमुळती होत गेलेली राहुटी उभी राही. आज जगांत हीं कापडें जमविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि जेथें हौस व पैसा एकत्र येतात तेथें नकली मालहि येतोच. तेव्हां अस्सल कापड कसें ओळखावें, आणि ओळखल्यावर त्याचें काय करावें, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

हा विचार नगर जिल्ह्यानें कां करावा, असें कोणी विचारील. ज्या शहराचें अहमदनगर हें नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें, तें फार दिवसांपासून लष्करी छावणीचें शहर आहे. भारतीय सैन्याच्या चिलखती दळाचें केंद्र व शाळा १९४८ पासून येथें आहे, आणि फेब्रुवारी १९९४ मध्यें स्थापन झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयांत देशोदेशींचीं चिलखती वाहनें मांडून ठेवलेलीं आहेत. शाळेंतील मुलें सहलीस येतात, रणगाड्यांची जाडी हातानें चांचपून पाहतात, आणि युद्ध म्हणजे काय याची कांहीं एक कल्पना घेऊन घरीं जातात. परंतु लोखंड टिकाऊ असल्यामुळें युद्धाची जी कथा लोखंड सांगतें तीच पुढच्या पिढ्यांच्या कानीं अधिक पडते. कापड कुजतें, त्याला कसर लागते, त्याचीं फडकीं होतात. ज्या कापडाखालीं शिपाई झोंपला, ज्यांत त्यानें जखमी सोबत्याला उचलून आणलें, त्या कापडाची कथा त्याच्याबरोबरच नाहींशी होते.

नगर जिल्ह्याचा जर्मन शिपायाशीं समोरासमोर संबंध आला तो इटलींत. दुसऱ्या महायुद्धांत चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनें इटलीच्या भूमीवर लढलीं, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. तिसऱ्या मराठा बटालियनमधील कुलाबा जिल्ह्यांतील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत वीरमरण आलें व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव हे पहिल्या मराठा बटालियनमध्यें शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवरील हल्ल्यांत त्यांच्या बरोबरची लहानशी तुकडी जवळजवळ सबंध गारद झाली. तेव्हां त्या २३ वर्षांच्या तरुणानें दोन जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या वर्षावांत खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं पोंचविलें. मग परत फिरून शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं निकामी केलीं, आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढें बोलावलें. त्यांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, व तो स्वीकारण्यास ते हयात होते. नगरच्या किल्ल्यांत राष्ट्राचे पुढारी १९४२ च्या ऑगस्टपासून स्थानबद्ध होते, आणि त्याच जिल्ह्याचीं मुलें त्या काळांत इटलीच्या चिखलांत जर्मन फौजांशीं झुंजत होतीं. इतिहासानें एकाच जिल्ह्याकडून त्या वर्षांत अशीं दोन निरनिराळीं कामें करून घेतलीं.

सेनियोच्या पलीकडच्या बांधावर जो शिपाई होता त्याच्या पाठीवरच्या ओझ्यांत हें तीन कोनी कापड असे. म्हणून त्याचें वर्णन नीट ऐकण्यासारखें आहे.

पहिल्या महायुद्धांत जर्मन शिपायाजवळ राहुटीचें जें कापड असे तें चौकोनी व एकरंगी होतें. १९३१ सालीं त्याच्या जागीं तीन कोनी कापड आलें. त्याच्या दोन बाजू सुमारें दोन दोन मीटर लांब असतात व तिसरी, म्हणजे पायाची बाजू, सुमारें अडीच मीटरांपर्यंत भरते. कापड घट्ट विणीचें सुती असून त्यांत पाणी सहज झिरपूं नये म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असे. कडांनीं बटणांच्या व काजांच्या रांगा असतात, कोंपऱ्यांत धातूच्या कड्यांनीं मढविलेलीं भोंकें असतात, आणि मध्यें एक उभी चीर असून तिच्यावर झडप असते. या चिरेंतून डोकें बाहेर काढलें कीं कापडाचा झगा होई. कडांचीं बटणें वेगवेगळ्या रीतीनें लावून तो पायीं चालतांना एका तऱ्हेनें व वाहनावर बसतांना दुसऱ्या तऱ्हेनें अंगाभोंवतीं बसवितां येई. कापडाबरोबर दोरीचा एक तुकडा, चार तुकड्यांची लांकडी काठी व दोन खुंट्या मिळत. चौघांच्या मिळून राहुटीची सामग्री पुरी होई. एकट्या शिपायाला एकाच कापडाचा आडोसा करतां येई, दोघांना दोहोंचा. कापडांत गवत किंवा पेंढा भरून नदी ओलांडण्यासाठीं तराफा करीत, दोन काठ्यांमध्यें अडकवून जखमींना वाहून नेत, आणि मेलेल्या सोबत्याला कित्येकदां त्यांतच गुंडाळून पुरीत. धनगराच्या घोंगडीचा इतका पाल्हाळ उपयोग कोणी लिहून ठेवला नाहीं, एवढाच काय तो फरक.

आतां त्यावरील रंगांविषयीं. शत्रूच्या नजरेला फसविणाऱ्या रंगसंगतीला इंग्रजींत कॅमोफ्लाज म्हणतात. मराठींत तिला छद्मरंग म्हणतां येईल. या विद्येच्या इतिहासांत हिंदुस्थानचा भाग लहान नाहीं. पेशावरला १८४६ सालीं उभारलेल्या गाईड पलटणीनें धुळीच्या रंगाचा पोषाख अंगीकारला आणि 'खाकी' हा शब्द, ज्याचा अर्थच मातकट, जगाच्या सर्व सैन्यांत गेला. खाकीची युक्ति अशी कीं शिपायानें मातीसारखें दिसावें. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच चित्रकारांनीं १९१५ पासून एक निराळी युक्ति तोफांवर व तंबूंवर रंगवून दाखविली : वस्तु आसपासच्या रंगासारखी दिसणें पुरेसें नाहीं, तिची कडा मोडली पाहिजे. मनुष्याचा डोळा वस्तु ओळखतो ती तिच्या बाह्यरेषेवरून. ती रेषा परस्परविरोधी रंगांच्या तुकड्यांनीं ठिकठिकाणीं तोडली तर डोळा गोंधळतो. बोरूच्या बनांत पट्ट्यांचा वाघ दहा पावलांवरहि दिसत नाहीं, त्याचें कारण तेंच.

कापडावर असा नमुना छापून तो सैन्यांत मोठ्या प्रमाणांत वाटण्याचा पहिला मान सामान्यतः इटलीच्या १९२९ सालच्या राहुटीच्या कापडाला दिला जातो. त्यावर पिवळसर, हिरव्या व तपकिरी रंगांचे गोलसर, एकमेकांत शिरलेले ठिपके आहेत. १९३१ च्या जर्मन कापडावर मात्र गोलाई कोठेंहि नाहीं. फिक्या जमिनीवर हिरव्या व तपकिरी रंगांच्या सरळ कडांच्या, टोकदार आकृत्या आहेत. जणूं रंगीत कांच फोडून तिच्या ठिकऱ्या पसरल्या असाव्यात. या सर्वांवरून पावसाच्या बारीक धारांसारख्या हिरव्या तुटक रेषा उभ्या मारलेल्या आहेत. जर्मन लोक या नमुन्याला 'श्प्लिटर', म्हणजे ठिकऱ्यांचा नमुना, म्हणत. कापडाचें एक अंग गडद व दुसरें फिकें असे, म्हणजे जसा भोंवतालचा प्रदेश असेल तसें तें उलटतां येई. यासाठींच दोन्ही अंगांनीं बटणांची सोय केलेली होती.

अशा कापडाची पारख करूं इच्छिणाऱ्यानें घाईनें रंगाकडे न पाहतां क्रमाक्रमानें जावें. प्रथम आकार मोजावा. चौकोनी कापड पुढें आलें तर तें या जातीचें नव्हे, हें लगेच समजतें : चौकोनी व गोलसर ठिपक्यांचें कापड इटालियन असण्याचा संभव आहे, चौकोनी, एकरंगी व झग्यासारखें घेतां येणारें कापड रशियन सैन्यांतहि होतें. इटालियन कापडाची आठवण हिंदुस्थानांत विशेष ठेवावी, कारण त्या युद्धांत इटालियन युद्धकैदी हजारोंच्या संख्येनें येथें आणले गेले होते. नमुन्याच्या नांवाखालीं जर्मन म्हणून जें खपविलें जातें त्यांत इटालियनहि मिसळलेलें असतें, आणि तें कमी मोलाचें मानण्याचें कांहींच कारण नाहीं.

दुसरी पायरी कापडाची. कडेचा एखादा सुटा धागा भिंगाखालीं पाहावा. जुनें कापड सुती आहे. सुट्या धाग्याला ज्योत दाखविली असतां सूत जळून मऊ राख होतें. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी बनते. शिलाईचा दोरा कृत्रिम निघाला तर कापड तरी नवें आहे किंवा निदान दुरुस्ती तरी नवी आहे. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे : ही परीक्षा फक्त आपोआप सुटलेल्या धाग्यावर करावी, परीक्षेसाठीं जुन्या कापडाला कात्री लावणें म्हणजे साक्षीदाराला साक्षीपूर्वीं मारणें होय.

तिसरी पायरी धातूची. आरंभींच्या कापडांवर ॲल्युमिनियमचीं, बशीसारखीं किंचित् खोलगट बटणें आढळतात. युद्ध लांबलें, ॲल्युमिनियम विमानांसाठीं राखून ठेवावें लागलें, तसतशीं जस्ताचीं व रंग दिलेल्या पोलादाचीं बटणें येऊं लागलीं. युद्धाच्या अखेरीस कापडहि हलक्या प्रतीचें झालें. एका राष्ट्राची वाढती टंचाई अशा रीतीनें बटणांच्या रांगेंत वाचतां येते. मात्र बटण तुटणें व दुसरें लावणें हें शिपायाच्या आयुष्यांतील नित्याचें काम. म्हणून एकच वेगळें बटण दिसल्यावरून कापडास नकली ठरवूं नये. सर्वच बटणें एकसारखीं कोरीं असावींत आणि कापड मात्र फार जीर्ण असावें, ही खरी संशयाची जागा.

चौथी पायरी शिक्क्याची. बऱ्याच कापडांच्या कोंपऱ्यापाशीं कारखान्याचें नांव व सालाचा आंकडा शाईनें उठविलेला असे. १९४२ च्या अखेरीपासून नांवाऐवजीं सरकारनें दिलेले उत्पादकांचे संकेतांक येऊं लागले, कारण कोणता माल कोठें तयार होतो हें शत्रूला कळूं नये अशी त्या सरकारची इच्छा होती. यामुळें १९३८ चें साल व संकेतांक असा जोड एकाच शिक्क्यांत आढळला तर तेथेंच थांबावें. खरा शिक्का कालांतरानें कापडांत मुरलेला, कडेला पसरलेला व घड्यांजवळ झिजलेला असतो. नकली शिक्का कित्येकदां वाचण्यास फारच सोयीचा असतो!

पांचवी पायरी वापराच्या खुणांची. जें कापड वर्षानुवर्षें एकाच घडीनें ठेवलें गेलें त्याचा रंग घडीच्या रेषेवर उडतो. खांद्यावर आलेला भाग अधिक झिजतो. खुंट्यांच्या भोंकांभोंवतीं गंजाचे वर्तुळ उठतें. जुनेपणाचा आभास आणणारे लोक कापड चहाच्या पाण्यांत बुडवितात, सँडपेपरनें घांसतात. परंतु त्यांचा जुनेपणा सगळीकडे सारखा असतो, आणि खऱ्या आयुष्याची झीज कधींच सगळीकडे सारखी नसते. जांभळ्यापलीकडच्या किरणांचा दिवाहि उपयोगी पडतो : अलीकडच्या काळांतील पुष्कळ धागे व धुण्याचे साबण यांत उजळपणा आणणारीं रासायनिक द्रव्यें असतात आणि तीं त्या प्रकाशांत निळसर चमकतात. तरीहि अस्सल कापड कोणीतरी नव्या साबणानें धुतलें असेल तर तेंहि चमकेल. म्हणून कोणतीहि एक परीक्षा निर्णायक समजूं नये. पांचहि परीक्षांचा कौल एकीकडे पडला म्हणजेच बोलावें.

आणखी एक घोटाळा आहे. ठिकऱ्यांचा हा नमुना युद्धाबरोबर संपला नाहीं. पश्चिम जर्मनीनें १९५५ सालानंतर जें नवें सैन्य उभें केलें त्यानेंहि आरंभीं कांहीं काळ या जातीचा नमुना वापरला. असें कापड नकली नसतें. तें त्याच्या सालाचें अस्सलच असतें. त्याला १९४० चें म्हणणें तेवढें खोटें. वस्तु खोटी असणें व वस्तूविषयींचें विधान खोटें असणें, यांत अंतर आहे, आणि संग्राहकाची खरी फसवणूक बहुधा दुसऱ्या प्रकारानें होते.

तें कसें, हें दाखविण्यास नगरचेंच उदाहरण पुरे आहे. समजा, कोणी एक ठिकऱ्यांच्या नमुन्याचें तीन कोनी कापड घेऊन आला, आणि म्हणाला, 'हें नगरच्या छावणींत कैदेंत असलेल्या जर्मनाचें आहे.' ही कथा ऐकावयास गोड आहे, आणि तिला आधारहि असल्यासारखा वाटतो. कारण नगरला जर्मन कैदी होते ही गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धांत येथें जर्मन व ऑस्ट्रियन लोकांची मोठी छावणी होती, आणि १९१७ सालीं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनीं ती पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभींहि हिंदुस्थानांतील जर्मन येथें ठेवले गेले. नंगा पर्वताच्या मोहिमेहून परतणारे ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर, जे पुढें देहरादूनच्या छावणींतून निसटून तिबेटांत गेले, ते १९३९ सालीं प्रथम नगरच्या छावणींत आले होते. मग ती कथा खरी मानावी काय? सालें पुढें ठेवावींत. ठिकऱ्यांचा नमुना १९३१ चा. तेव्हां तो पहिल्या महायुद्धांतील कैद्याजवळ असणें अशक्य. दुसऱ्या महायुद्धांत येथें ठेवलेले जर्मन मुख्यतः नागरिक होते : व्यापारी, कारागीर, मिशनरी, प्रवासी. रणांगणावरच्या शिपायाचें सामान त्यांच्याजवळ येण्याचें सहज कारण दिसत नाहीं. म्हणजे कापड अस्सल असूनहि कथा टिकत नाहीं. उलट, 'आजोबा मराठा पलटणींत होते, इटलीहून परत आले, आणि ही वस्तु त्यांच्या पेटींत होती,' असें कोणी सांगितलें, तर तें स्थळाशीं व काळाशीं जुळतें. जुळतें म्हणजे सिद्ध झालें असें नव्हे. पण तेथून शोधाला आरंभ करतां येतो. पलटणीचे कागद, पेन्शनचें पुस्तक, पत्रें, पदकांच्या कडेवर कोरलेला शिपायाचा क्रमांक, हीं मग कापडाच्या मदतीस येतात.

येथें संग्राहकानें स्वतःच्या मनाचीहि एक परीक्षा घ्यावी लागते. हें कापड ज्या राजवटीच्या सैन्याचें होतें तिनें लक्षावधि निरपराध माणसांचा बुद्ध्या संहार केला. तिच्या सशस्त्र एसएस दळानें आपल्यासाठीं निराळे छद्मरंग तयार करविले होते : झाडांच्या पानांसारखे, ओकच्या व चिनाराच्या सावल्यांसारखे, एका अंगानें वसंताचे हिरवे व दुसऱ्या अंगानें शरदाचे तपकिरी. बाजारांत या कापडांना सर्वांत अधिक किंमत येते, आणि म्हणून सर्वांत अधिक नकलाहि त्यांच्याच होतात. परंतु त्यांचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. उत्तर जर्मनींतील राव्हेन्सब्रूक येथें स्त्रियांची छळछावणी होती. तेथें १९४० पासून एसएसच्या मालकीचे शिवणकारखाने चालत, आणि सशस्त्र दळाचे कपडे उपाशी, आजारी बंदिवान स्त्रियांकडून रात्रपाळी करवून शिवून घेतले जात. त्यांतील हजारों स्त्रिया तेथेंच मेल्या. सरळ, एकसारखा, न चुकलेला टांका पाहून जो 'केवढी सफाई!' म्हणतो, त्यानें ती सफाई कोणत्या भीतीनें आली असेल हेंहि मनांत आणावें.

याचा अर्थ असा नव्हे कीं अशा वस्तु जाळून टाकाव्यात. जाळल्यानें साक्ष तेवढी नष्ट होते, अपराध होत नाहीं. अर्थ एवढाच कीं, या वस्तु दिवाणखान्यांत शोभेसाठीं पसरण्याच्या नव्हेत. पराक्रमाचें चिन्ह म्हणून जो त्या अंगावर घेतो त्याला त्यांचा अर्थच कळलेला नसतो. ज्या घरांत त्या असतील तेथें मुलांना त्या कोणाच्या होत्या, त्या सैन्यानें काय केलें आणि या जिल्ह्यांतील माणसें त्याच्याशीं कां लढलीं, हें तिघांचेंहि उत्तर एकाच वेळीं सांगितलें जावें.

जतन करण्याचा विषय मराठी गृहिणींना शिकवावा असा नाहीं. पैठणी मलमलीच्या फडक्यांत कां गुंडाळतात हें त्या जाणतातच. तोच नियम येथेंहि लागू आहे. कापड धुऊं नये. मातीचा डाग हाहि त्याच्या इतिहासाचा भाग असतो. मऊ ब्रशानें सुटी धूळ तेवढी झाडावी. प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, कारण आंत दमट हवा राहिली तर बुरशी येते. जुन्या घड्यांवर पुन्हां घडी न घालतां, शक्य असल्यास जाड नळीवर न खळवलेल्या स्वच्छ सुती कापडाबरोबर सैल गुंडाळावें. पोलादी बटणांचा गंज शेजारच्या कापडास लागतो, म्हणून त्यांच्याखालीं साधा पांढरा कागद किंवा सुती पट्टी घालावी. उन्हांत टांगूं नये. छद्मरंगाचा गुण उन्हानेंच प्रथम जातो. नगरची हवा कोंकणच्या मानानें कोरडी, ही एक जमेची बाजू. तरी पावसाळ्यानंतर एकदां सावलींत उलगडून कसर लागली आहे काय तें पाहावें.

आणि या सर्वांहून महत्त्वाचें असें एक काम आहे, ज्याला पैसा लागत नाहीं. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी असावी, आणि तिचे दोन भाग असावेत. पहिल्या भागांत जें डोळ्यांनीं पाहिलें तें : आकार, मापें, बटणांची धातु, शिक्क्यांतील अक्षरें व आंकडे, ठिगळें, डाग, नांवाचीं आद्याक्षरें. दुसऱ्या भागांत जें कानांनीं ऐकलें तें : वस्तु कोणाजवळून आली, कोणत्या दिवशीं, त्यानें काय सांगितलें, आणि त्याला तें कोणीं सांगितलें होतें. या दोन भागांची सरमिसळ होऊं देऊं नये. ऐकलेलें पाहिल्यासारखें लिहिलें कीं दंतकथा जन्मते. आणि दंतकथा एकदां वस्तूला चिकटली म्हणजे खऱ्या शिपायाची खरी हकीकत तिच्याखालीं दडून जाते. वस्तु विकतांना किंवा देऊन टाकतांना चिठ्ठीहि बरोबर गेली पाहिजे. चिठ्ठी नसलेलें अस्सल कापड म्हणजे नांव नसलेला मनुष्य.

इटलींत लढलेल्या पिढींतील माणसें आतां जवळजवळ राहिलीं नाहींत. नामदेव जाधव १९८४ सालीं वारले. त्यांच्या पराक्रमाची हकीकत मानपत्रांत लिहिली गेली म्हणून ती टिकली. परंतु ज्यांना पदक मिळालें नाहीं, जे नदी ओलांडून गेले, परत आले, आणि पुढें निमुटपणें नांगराला लागले, अशांची हकीकत कोणत्याहि मानपत्रांत नाहीं. ती कोठें असली तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत आहे : एखादें पदक, पगाराचें पुस्तक, परदेशी नाणें, आणि कदाचित् कोणाचें तरी एक जुनें कापड, जें आज धान्य वाळविण्यासाठीं पसरलें जातें. तें जर्मन असो, इटालियन असो कीं स्वतःच्याच पलटणीचें असो, धान्य उचलल्यावर तें एकदां उलटून पाहावें. कोंपऱ्यांत शिक्का आहे काय, बटणें कसलीं आहेत, हें न्याहाळावें. आणि घरांत जें कोणी वडील माणूस असेल त्याला त्याच संध्याकाळीं विचारून, जें तो सांगेल तें त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावें. कापडाची पारख पुढें जाणता मनुष्य केव्हांहि करील. वडिलांना विचारण्याची वेळ मात्र थोडी उरली आहे.